शर्यतीनंतरचा सोमवार

फोंड्याहून एका वाचक भगिनीचं लांबलचक पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा: वय ४४, हायस्कुलात गणित शिकवतात. घरी नवरा, यंदा दहावीला बसलेली मुलगी आणि सातवीतला मुलगा. तीन वर्षांपूर्वी शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर पळायला लागल्या. डिसेंबरात वास्कोजवळ चिखलीला रिव्हर मॅरेथॉन होते, तिथे दरवर्षी दहा किलोमीटर पळतात. पहिल्या वर्षी ऑगस्टपासून तयारी केली, वेळ आली १ तास १८ मिनिटं. दुसऱ्या वर्षी १ तास १४. गेल्या डिसेंबरात १ तास १६. ‘यंदा तयारीच ऑक्टोबर संपता संपता सुरू झाली,’ असं त्या एका ओळीत सांगून पुढे जातात. मग मूळ दुखणं येतं: ‘दरवेळी पदक घेऊन घरी येते, फोटो टाकते आणि फेब्रुवारी संपेपर्यंत बूट माळ्यावर जातात. गणपतीची चवथ झाली की पुन्हा शून्यापासून सुरुवात. नवरा म्हणतो, फी भरली तरच तू पळतेस, आणि ते खरंच आहे. आमच्या गटातली २९ वर्षांची मुलगी ५५ मिनिटांत दहा किलोमीटर करते आणि मी पुढे जायचं सोडून मागे आले. माझ्यात जिद्दच नाही का? यंदा सरळ २१ किलोमीटरला नाव नोंदवावं म्हणते, भीतीने तरी वर्षभर पळेन.’ शेवटी दोन गोष्टी जाता जाता लिहिल्या आहेत. सकाळचा तो तास आपण घरच्यांकडून चोरतो आहोत असं त्यांना सारखं वाटतं. आणि दर रविवारी त्या स्कूटरने कवळ्याला जातात, आई तिथे एकटी असते म्हणून.

ताई,

गणिताच्या बाईंना उत्तर द्यायचं म्हणजे आधी आकडे मांडायला हवेत. तुमचं पत्र वाचताना मी कागदावर बारा महिन्यांचे बारा चौकोन काढले आणि तुम्ही कधी पळालात, कधी थांबलात ते त्यात भरत गेलो. तिन्ही वर्षांची चित्रं जवळजवळ सारखी निघाली. जानेवारीत पाय रेंगाळतात, फेब्रुवारीत थांबतात आणि गणपतीचं विसर्जन झाल्यावर कधीतरी पुन्हा हलतात. माणूस स्वभावाने आळशी असेल तर तो वाटेल तेव्हा आळस करील. असं वेळापत्रक पाळून, दरवर्षी त्याच महिन्यात आळस करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तेव्हा जिद्दीचा विषय थोडा बाजूला ठेवू आणि त्या रिकाम्या चौकोनांत काय काय आहे ते बघू. फेब्रुवारी-मार्च म्हणजे परीक्षा आणि पेपर तपासणी, यंदा तर घरातच दहावी. मग शिगमो, म्हणजे आपला शिमगा. मग एप्रिल-मेचा उकाडा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस येतो तो चार महिने मुक्कामाला. त्यात चवथीची साफसफाई, गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या माटोळीची जमवाजमव, पाहुणे. पळण्याच्या स्पर्धा मात्र हवा बरी असते तेव्हा, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे तुम्हाला घराबाहेर ओढणारी एकुलती एक गोष्ट संपते तेव्हाच आत ढकलणाऱ्या सगळ्या गोष्टी सुरू होतात. यात जिद्दीने काय करावं?

हवेचं जरा सविस्तर सांगतो, कारण अनेकांचं पळणं तिथेच सुटतं आणि दोष मात्र मनाला लागतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा २० अंशांच्या आसपास असतो. एप्रिल-मेमध्ये पहाटेसुद्धा तो २५-२६च्या खाली क्वचितच उतरतो आणि हवा इतकी दमट की घाम नुसता निथळतो, वाळत नाही. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. गळून गेलेला घाम फुकट गेला. अशा वेळी हृदयाला पायांच्या स्नायूंनाही रक्त पुरवायचं असतं आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला कातडीकडेही पाठवायचं असतं. म्हणून त्याच वेगाला दुप्पट दम लागल्यासारखं होतं. डिसेंबरात किलोमीटरला साडेसात मिनिटं घेणाऱ्या बाईला मे महिन्यात साडेआठ लागली, तर ती मागे पडली असं बिलकूल समजू नये. तुम्ही मार्चमध्ये एक-दोनदा पळून पाहिलं असणार, घड्याळाकडे बघितलं असणार आणि ‘गेलं सगळं’ म्हणून बूट परत माळ्यावर टाकले असणार. अंदाज चुकला असेल तर कळवा, पण मला नाही वाटत चुकला असेल.

आता गेल्या डिसेंबरचं. १ तास १६ ही वेळ तुम्ही पराभव म्हणून लिहिली आहे. पहिल्या वर्षी चार महिने तयारी करून तुम्ही १ तास १८ घेतलात. यंदा जेमतेम सहा आठवडे पळून १ तास १६. एखाद्या विद्यार्थ्याने चार महिने अभ्यास करून जितके गुण मिळवले त्याहून जास्त गुण पुढे सहा आठवड्यांत मिळवले, तर त्याला तुम्ही काय म्हणाल? तुमची सर्वांत चांगली वेळ १ तास १४, म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं २४ सेकंद. यंदाची ७ मिनिटं ३६ सेकंद. फरक बारा सेकंदांचा. एका वर्षाने वाढलेलं वय, दहावीचं घर आणि निम्म्याहून कमी तयारी एवढं सगळं त्या बारा सेकंदांत मावलं. ‘शून्यापासून सुरुवात’ हे तुमचं वाक्य म्हणून मला पटत नाही. दरवर्षी काहीतरी शिल्लक राहत होतं, फक्त तुम्ही ते वहीत लिहीत नव्हता.

आणि त्या २९ वर्षांच्या मुलीचं म्हणाल, तर ती चांगली पळते, एवढंच. ज्येष्ठ धावपटूंच्या जागतिक संघटनेची कोष्टकं असतात, वय आणि लिंग लक्षात घेऊन वेळेची तुलना करणारी. तुम्हाला आकड्यांची आवड आहे, कधी बघा, मजा येईल. पण तिची वेळ तुमच्या वहीत कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मुख्य मुद्द्याकडे येतो. श्रावणात आपल्याकडे अर्धा गाव नुस्तं, म्हणजे मासे, सोडतो. बाजारातल्या फडफडीत बांगड्याकडे महिनाभर मान वळवून न बघणारी माणसं चवथ आटोपली की पिशवी घेऊन मासळी बाजारात हजर. त्यांना कुणी म्हणतं का, की तुमच्यात जिद्द नाही? जिद्द होती म्हणून तर महिना निघाला. पण ते व्रत होतं. व्रताला आरंभ असतो, उद्यापन असतं आणि उद्यापनानंतर माणूस मोकळा होतो. तुम्ही पळण्याचं व्रत केलंत. चिखलीचा तो रविवार हे उद्यापन. सोमवारी काय करायचं हे कुणी सांगूनच ठेवलेलं नव्हतं, म्हणून तुम्ही मोकळ्या झालात. तुम्हाला खरं हवं आहे ते रोजच्या शीत-कडीसारखं काहीतरी, ज्याचा फोटो कुणी टाकत नाही.

२१ किलोमीटरकडे आता या नजरेने बघा. व्रत दुप्पट मोठं केलं तर उद्यापन दुप्पट मोठं होईल. सोमवार होता तसाच रिकामा राहील. भीतीने वर्षभर पळेन म्हणता, पण डिसेंबरची भीती एप्रिलमध्ये वाटत नाही. ती वाटायला लागते ऑक्टोबरात, आणि ऑक्टोबरात घाबरून २१ किलोमीटरची तयारी करणं हा दुखापतीचा राजमार्ग आहे. हे मी शहाणपणाने सांगत नाही, गुडघ्याने सांगतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मीही फी भरली होती, स्वतःला चाबूक म्हणून. दोन महिने उरले तेव्हा जाग आली. आठवड्याला दहा किलोमीटर पळणारा माणूस एकदम तीस किलोमीटरवर गेलो. स्पर्धा पार पडली, शेवटचे चार किलोमीटर लंगडत. नंतर पाच महिने पणजीतल्या घराचा जिनाही एक-एक पायरी मोजत उतरत होतो. प्रमाणपत्र कुठल्याशा फायलीत आहे, गुडघा अजून पावसाळ्याची वर्दी देतो.

तरीही नाव नोंदवूच नका असं मी म्हणणार नाही. स्पर्धेत गंमत असते, गर्दीचा जोर असतो, अनोळखी माणसं टाळ्या वाजवतात. आपल्या वयात फुकट टाळ्या आणखी कुठे मिळतात? माझं म्हणणं एवढंच की आत्ता नोंदवू नका. एप्रिल ते ऑगस्ट हे साधारण २२ आठवडे होतात. त्यातले १६ आठवडे जर तुम्ही आठवड्यातून तीनदा बाहेर पडलात, वेग कितीही असो, तर चवथीनंतर खुशाल २१ला नाव द्या. पाया तयार असेल. १६ भरले नाहीत तर दहाच पळा, आनंदाने पळा. आणि दोन्हीपैकी कशाचीही फी भरण्याआधी वहीत शर्यतीनंतरचा सोमवार लिहून ठेवा: सोमवार-मंगळवार विश्रांती, बुधवारी वीस मिनिटं चालणं, शनिवारी अगदी हळू पंचवीस मिनिटं, पुढच्या मंगळवारपासून नेहमीचे तीन दिवस. हे शर्यतीच्या आधी लिहायचं. पदक गळ्यात पडल्यावर कुणी लिहीत नाही.

आता एक जरा आडवळणाची गोष्ट. दहा, एकवीस, बेचाळीस हे आकडे आपण डोक्यावर घेऊन फिरतो, पण ते आले कुठून? १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन साधारण ४० किलोमीटरची होती. १९०८ साली लंडनला ऑलिंपिक झालं तेव्हा शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू केली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनासमोर संपवली. ते अंतर भरलं ४२.१९५ किलोमीटर. १९२१ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने तेच कायम केलं आणि अर्धी मॅरेथॉन म्हणजे त्याचं निम्मं. सगळ्यांच्या मोबाइलमधल्या दहा हजार पावलांचंही तसंच. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ होता ‘दहा हजार पावलांचं मीटर’. तिथून तो आकडा जगभर पसरला.

एका राजवाड्यापासून एका राजासनापर्यंतचं अंतर जर सगळ्या जगाला प्रमाण वाटू शकतं, तर फोंड्यातल्या तुमच्या उंबऱ्यापासून कवळ्याच्या आईच्या उंबऱ्यापर्यंतचं अंतर तुम्हाला का वाटू नये?

हे मी कौतुकापोटी म्हणत नाही. तुमची पत्रातली सगळी ध्येयं दुसऱ्याच्या जागेवर, दुसऱ्याने ठरवलेल्या तारखेला, दुसऱ्याच्या अंतरावर आहेत. तुमच्या रस्त्यावरचं एकही नाही. म्हणून पहिलं काम: एक रस्ता निवडा. फर्मागुडीच्या पठारावर महामार्ग सोडून आतले रस्ते आहेत, तिथे तीनेक किलोमीटरची एक फेरी आखा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती पळायची आणि वहीत चार गोष्टी लिहायच्या. वेळ. हवा कशी होती. आदल्या रात्री झोप किती. आणि चौथी तुमच्या खास कामाची: शेवटच्या किलोमीटरला सतराचा पाढा न अडखळता म्हणता आला का? मी चेष्टा करत नाही. पळताना सलग बोलता येणं ही सोप्या वेगाची जुनी, भरवशाची कसोटी आहे. बहुतेक दिवस पळणं त्याच वेगाचं असायला हवं. ‘सतरा साती’ला धाप लागली तर वेग कमी करायचा. (रस्त्यावरचे लोक बघतील. बघू देत, गणिताच्या बाई म्हणून खपून जाईल.)

या वहीचा एकच कडक नियम: मे महिन्याची तुलना मे महिन्याशी, डिसेंबरची डिसेंबरशी. पहिल्या वर्षी ताडून बघायला काहीच नसेल, म्हणजे हरायलाही काही नाही. दुसऱ्या वर्षीपासून मात्र गंमत सुरू होते. मी कांपाल ते मिरामार अशी माझी फेरी सात वर्षं लिहितो आहे. डिसेंबरातली माझी वेळ दरवर्षी थोडी वाढते, वयच आहे. पण मेमधली वेळ गेल्या दोन वर्षांत कमी झाली, कारण उकाड्यात पळायचं कसं ते मला उशिरा कळलं: दहा-बारा दिवस अगदी हळू सुरुवात करून शरीराला उष्णतेची सवय लावायची, साडेपाचला बाहेर पडायचं, सावलीचा रस्ता धरायचा आणि परत आल्यावर पाणी आणि मीठ घातलेली पेज. त्या मेमधल्या दीड मिनिटाचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा कुठल्या पदकाचा नाही, आणि तो दुसऱ्या कुणाला सांगून कळतही नाही.

दुसरं, किलोमीटरऐवजी आठवडे मोजा. आठवड्यातून तीनदा बूट घालून उंबरा ओलांडला की तो आठवडा भरला. किती पळालात, कितीत पळालात, हा प्रश्न नाही. ‘२१ दिवसांत सवय लागते’ असं तुम्हीही ऐकलं असेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगून बघितलं होतं. तो अभ्यास २०१० साली छापून आला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४. फळ खाणं-पाणी पिणं लवकर जमलं, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि त्यातली मला आवडणारी गोष्ट ही की एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. तुमच्याकडे एक दिवस चुकतो, मग अपराधी वाटतं, मग आठवडा चुकतो, मग माळा. सुटतं ते त्या अपराधी वाटण्यामुळे. एक दिवस चुकला तर वहीत ‘चुकला’ एवढं लिहा आणि पान उलटा.

त्यासाठी एक तळ ठरवून ठेवा. अगदीच नको वाटेल त्या दिवशी दहा मिनिटं. पाच मिनिटं जायचं, पाच मिनिटं यायचं. दहा मिनिटांनंतरही नकोसं वाटलं तर घरी या, तो दिवस धरला. बहुतेक वेळा माणूस पुढे जातो. पण न गेल्यास फसवणूक केली असं समजू नका, करार दहा मिनिटांचाच होता.

पावसाळ्याबद्दल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पावसाळ्याला वेगळी योजना नसणं ही चूक तुमची एकटीची नाही, आपल्या सगळ्यांची आहे. साध्या पावसात पळायला हरकत नाही, मजाच येते. वीज चमकत असेल, समोरचं दिसत नसेल किंवा चिऱ्यांवर शेवाळ धरलेलं असेल तर नाही. त्या दिवशी घरात: जिना, दोरीच्या उड्या, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर, टाचा उचलणं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम सांगते, आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. हा शेवटचा भाग पळणारी माणसं हटकून विसरतात. चाळिशीनंतर बायकांच्या हाडांना त्याची खास गरज असते. तेव्हा जून ते सप्टेंबर हा पळणं बुडण्याचा काळ न मानता ताकदीचा हंगाम माना. वहीत त्याचंही ध्येय लिहा: जूनमध्ये खुर्चीवरून सलग किती वेळा उठता आलं, चवथीला किती वेळा. माटोळी बांधताना वर हात करून उभं राहणंही मग सोपं जाईल.

नवऱ्याचं वाक्य मनाला फार लावून घेऊ नका. फी भरली तरच पळतेस, हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं असेल, पण निदान म्हणून ते बरोबर आहे आणि तुम्हीही ते मान्य केलंय. त्यांनाच विचारा, महिन्याच्या पहिल्या शनिवारी घड्याळ धरून उभे राहाल का? टोमणा मारणाऱ्या माणसाला काम दिलं की तो अर्धा आपल्या बाजूला येतो.

वेळ चोरण्याबद्दल मात्र मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. तुम्ही लिहिता की पळून आल्यावर डबे करता, म्हणजे डबा काही बुडालेला नाही. मग चोरीला नक्की काय गेलं? तुमची झोप गेली, म्हणजे गेलं तर तुमचंच. घरातल्या पुरुषाने सकाळी तासभर चालून येणं हे ‘तब्येतीची काळजी’ आणि बाईने तेच केलं की चोरी, हा हिशेब कुणी शिकवला, हे एकदा स्वतःला विचारून बघा. मुलगी दहावी झाली आहे. सुट्टीत आठवड्यातून एक दिवस तिला बरोबर न्या, जबरदस्ती न करता. आली तर आली. न आली तरी आई डब्याआधी स्वतःसाठी बाहेर पडते हे ती बघतेच आहे.

याच महिन्यात साधारण याच आशयाची आणखी दोन पत्रं आहेत, त्यांनाही इथेच उत्तर देतो. साखळीच्या ६१ वर्षांच्या निवृत्त गृहस्थांनी ‘आता या वयात पळायला सुरुवात करू का’ असं विचारलं आहे. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहे म्हणता, तर आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी हो म्हटलं की एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं. महिनाभर यापुढे जायचं नाही. छातीत दडपण आलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. पेडण्याच्या तरुणाला रस्त्यावरच्या कुत्र्यांचा त्रास आहे. पळणं थांबवा, चालायला लागा, डोळ्याला डोळा भिडवू नका, हळूहळू लांब व्हा. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटं धुऊन लगेच इंजेक्शनसाठी जा, त्यात चालढकल नको. आणि फूटपाथ नसलेल्या आपल्या अरुंद रस्त्यांवर सगळ्यांनीच उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळावं, अंधारात फिक्या रंगाचे कपडे घालावेत, कानात काही कोंबू नये. ताई, तुमच्यासाठी जास्तीचं एवढंच की अंधार असताना एकटीने जाऊ नका. गटातली एखादी तुमच्याच वेगाची मैत्रीण शोधा, ती ५५ मिनिटांवाली नको.

आता शेवटचं. रविवारी तुम्ही स्कूटरने कवळ्याला जाता. या एप्रिलपासून महिन्यातल्या एका रविवारी पळत जा. पूर्ण नाही जमलं तर चालत-पळत. पहाटे निघा, म्हणजे पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाटेत भेटेल आणि आईसाठी गरम पाव घेता येतील. पहिल्यांदा दरवाजात घामाघूम लेक बघून ती काय म्हणेल ते मी इथे बसून सांगू शकतो. चार-पाच महिन्यांनी तो रस्ता सरावाचा झाला की वाकडी वाट करा. नागेशीची तळी, रामनाथी आणि मग कवळ्याची शांतादुर्गा, अशी देवळांची माळ एका सकाळी ओवता येते. अंतर किती भरतं ते मोजून वहीत लिहा. ते अंतर दुसऱ्या कुठल्या शर्यतीत नाही, त्यामुळे त्यावरचा विक्रमही तुमचाच राहील.

परत येताना मात्र बसने या. पेज पिऊन लगेच पळू नये, आणि तास-दीड तास आईजवळ बसायचंही असतं.